वॉर्डाची भाषा आणि राज्याचा प्रचार

२० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांसाठी मतदान झाले, त्या दिवशी राज्यातील २९ महानगरपालिकांपैकी एकाही महानगरपालिकेत लोकनियुक्त सभागृह अस्तित्वात नव्हते. नवी मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील सभागृहांची मुदत २०२० मध्येच संपली होती. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर येथील मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. धुळे आणि अहमदनगर येथील २०२३ च्या अखेरीस. इचलकरंजी आणि जालना ही शहरे महानगरपालिका झाली ती प्रशासकाच्या हाताखालीच. त्यांनी महानगरपालिकेच्या सभागृहाचे तोंडही पाहिले नव्हते. २०११ च्या जनगणनेनुसार या राज्यातील शंभरांतील पंचेचाळीस माणसे नागरी वस्तीत राहतात. असे असूनही शहरांना स्वतःचे राज्य उरलेले नव्हते, ही गोष्ट राज्याच्या निवडणुकीत प्रचाराचा विषय झाली नाही. कोणी वक्त्याने तिचा उल्लेख केलाही असेल. परंतु तेवढ्यासाठी एखाद्या पक्षाला मत द्यावे अथवा नाकारावे, असे मतदारांस वाटल्याची खूण त्या प्रचारात कोठे दिसली नाही.

विधानसभेच्या उमेदवारांनी काय सांगितले, हे मात्र पाहण्यासारखे होते. शहरी मतदारसंघांतील प्रचारपत्रके रस्ते, गटारे, पदपथ, नळाचे पाणी, उद्याने आणि कचरा यांनी भरलेली होती. यांपैकी बहुतेक कामे कायद्याने महानगरपालिकेची आहेत; आमदाराचे घटनादत्त काम कायदे करणे आणि शासनाला जाब विचारणे हे आहे. तथापि आमदार निधीतून बसविलेली बाके, पेव्हर ब्लॉक आणि वसाहतींच्या तोंडाशी उभारलेल्या कमानी यांवर आमदाराचे नाव रंगविलेले असते, आणि ते नाव हाच प्रचार असतो. सभागृह बंद असलेल्या काळात ही सवय अधिकच पक्की झाली. नगरसेवक नाही, म्हणून गाऱ्हाणे आमदाराकडे. आमदार सत्तेतला नसेल, तर पालकमंत्र्याकडे. हक्काची मागणी कृपेच्या विनंतीत रूपांतरित होण्यास याहून सोयीची व्यवस्था शोधून सापडणार नाही.

प्रश्न केवळ राज्यशास्त्राचा असता तर साहित्याच्या अभ्यासकांनी तो बाजूस ठेवला असता तरी चालले असते. परंतु तो भाषेचाही आहे. निवडणूक प्रचाराची एक मराठी आहे आणि वॉर्डाची दुसरी. पहिली घोषणेची, संबोधनाची, आश्वासनाची भाषा. तिच्यात बोलणारा एक आणि ऐकणारे हजारो. दुसरी अर्जाची, हरकतीची, हिशेबाची आणि भांडणाचीही. घरपट्टी, पाणीपट्टी, नळजोडणी, मोरी, मुकादम, निविदा, ठरावाची सूचना, हरकतीचा मुद्दा, सभा तहकूब, ही तिची शब्दसंपत्ती. ही भाषा ललित नाही. पण तिच्यात दोन बाजूंनी बोलता येते. गल्लीतल्या बाईला ‘पाणी पहाटे तीनला का येते’ असे विचारता येते आणि त्याचे उत्तर मिळविण्यासाठी एक माणूस, एक सभागृह आणि एक दिवस ठरलेला असतो. सभागृह संपले म्हणजे ही भाषा बोलण्याची जागाच संपते, आणि मग राज्याचा प्रचार तिचे विषय उचलून आपल्या सुरात म्हणू लागतो.

या दुसऱ्या भाषेला मराठीत मोठी परंपरा आहे, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात फारशी नोंदली जात नाही. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. ते निवडून आलेले नव्हते, नेमलेले होते. तरी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी पालिकेचा पैसा खर्च करण्याचा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी विरोध केला. शहरात मोठ्या खर्चाची नवी मंडई बांधण्याचे घाटत होते, त्यासही त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे. ‘शेतकऱ्याचा असूड’ याच कालखंडाच्या आगेमागे सिद्ध झाला. त्यातील हिशेबी संताप, खर्च कोणाच्या खिशातून निघाला आणि कोणाच्या शोभेसाठी गेला हे पुनःपुन्हा विचारण्याची पद्धत, ही पालिकेच्या बैठकीत बसलेल्या माणसाची पद्धत आहे, असे म्हटल्यास ते ओढूनताणून होणार नाही. मंडई पुढे झालीच आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. कालांतराने आचार्य अत्रे त्याच नगरपालिकेत निवडून आले, स्थायी समितीचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्या पुढाकाराने त्या मंडईला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या इमारतीस फुल्यांनी हरकत घेतली, तिलाच फुल्यांचे नाव! या विसंगतीवर अत्र्यांच्याच तोडीच्या विनोदकाराने लिहावयास हवे होते. तथापि येथे महत्त्वाचे ते हे की, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्याच्या मध्यापर्यंत मराठीतील लेखक आणि नगरपालिकेचा सभासद या दोन भिन्न जाती नव्हत्या. टिळक, गोखले, न. चिं. केळकर हे सर्व पुण्याच्या नगरपालिकेत बसले. गोखले आणि केळकर तर तिचे अध्यक्ष होते. राष्ट्राविषयी लिहिणाऱ्या लेखणीला गटाराविषयी बोलणे कमीपणाचे वाटत नसे.

मुंबईची कथा थोडी वेगळी. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानंतर दोनच वर्षांनी शहराला नगरपालिकेचा कायदा मिळाला. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडावयाचे ठरले. १८८८ च्या कायद्याने, ज्याच्या घडणीत फिरोजशहा मेहता यांचा वाटा मोठा होता, आजही मुंबईचा कारभार चालतो. प्रौढ मताधिकारावर मुंबईची पहिली पालिका-निवडणूक १९४८ मध्ये झाली, म्हणजे देशातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्याही आधी. गिरणगावातील कामगार लोकसभेसाठी मत देण्यापूर्वी आपल्या वॉर्डासाठी मत देऊन आला होता. हा क्रम विसरता कामा नये.

त्याच गिरणगावात निवडणूक प्रचाराने आपले सर्वांत जिवंत वाङ्मय निर्माण केले. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. अण्णा भाऊंच्या लोकनाट्यांची नावे पाहिली तरी पुरे: ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘पुढारी मिळाला’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’. तमाशाच्या वगाचा साचा घेऊन त्यांनी निवडणूकच रंगमंचावर आणली. आणि तमाशाच्या रंगमंचाचा गुण असा की, तेथे राजाला शिपाई उलट उत्तर देतो. प्रचाराच्या व्यासपीठावर जे घडू शकत नाही ते प्रचाराच्याच वगात घडत असे: ऐकणारा बोलू लागे. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हीच शक्ती राज्याच्या प्रश्नाला लाभली आणि तिच्या बळावर मुंबई महानगरपालिकाही जिंकली गेली; १९५८ मध्ये गिरणी कामगारांचे नेते एस. एस. मिरजकर महापौर झाले. ‘महापौर’ हा शब्द सावरकरांनी दिलेला आणि त्या खुर्चीवर कम्युनिस्ट पुढारी! मराठीच्या सार्वजनिक जीवनात अशी मौज अधूनमधून आढळते.

परंतु याच विजयात पुढच्या अडचणीचे बीज होते. पालिकेची निवडणूक राज्याच्या प्रश्नावर जिंकता येते, हा धडा त्या वेळी सर्व पक्षांनी घेतला. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने आपला पहिला निवडणूक विजय १९६७ मध्ये ठाणे नगरपालिकेत मिळविला आणि पाठोपाठ १९६८ मध्ये मुंबई महानगरपालिकेत प्रवेश केला. तिची शाखा ही वॉर्डाची भाषा पुरेपूर जाणणारी संस्था होती. शाळेतील प्रवेश, नळाचे पाणी, रुग्णालयातील खाट, घरमालकाशी तंटा, या सर्वांसाठी संध्याकाळी शाखेत माणूस बसलेला असे. हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. तथापि शाखेतील बोलणे पक्षाच्या दारात होई, नगराच्या सभागृहात नव्हे; आणि निवडणूक जवळ आली की पाण्याच्या तक्रारीची जागा अस्मितेची घोषणा घेई. १९८५ च्या मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीत मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी केली जाईल काय, हा प्रश्न इतका पुढे आला की वॉर्डाचे प्रश्न त्याच्या आड गेले. त्या निवडणुकीपूर्वी वर्षभर मुंबईवर प्रशासक होता, हे आज किती जणांस आठवते?

याच काळातील एका घोषणेकडे मात्र भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे. मृणाल गोरे १९६१ मध्ये गोरेगावातून मुंबई महानगरपालिकेवर निवडून गेल्या. उपनगरातील वस्त्यांना पाणी मिळावे यासाठी त्यांनी जे मोर्चे काढले, हंडे घेऊन ज्या बायका त्यांच्यामागे निघाल्या, त्यातून त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव पडले. हे नाव पक्षाने दिलेले नव्हते; जाहिरातीच्या कचेरीत ते बनले नव्हते. नळावरच्या रांगेत ‘भाजीवाली’, ‘दूधवाली’ या शब्दांच्या शेजारी ते सहज उभे राहिले. त्यात आदरार्थी अनेकवचनही नाही, तरी आदर आहे. १९७२ मध्ये त्या विधानसभेत गेल्या. महागाईविरोधी लढ्यात अहिल्या रांगणेकर त्यांच्यासोबत होत्या, ज्या स्वतः मुंबई महानगरपालिकेत दीर्घकाळ बसल्या. लाटणे हे त्या मोर्च्यांचे चिन्ह झाले. आणीबाणीत दोघींनाही तुरुंगवास घडला. १९७७ मध्ये दोघीही लोकसभेवर निवडून आल्या, आणि मुंबईच्या रस्त्यांवर घोषणा उमटली: ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.’

या घोषणेत यमक नाही, केवळ शब्दांची अदलाबदल आहे. ‘पाणी’ आणि ‘दिल्ली’ यांनी जागा बदलल्या एवढेच. परंतु ज्या मराठी माणसाने ती प्रथम उच्चारली त्याला एका महानगरपालिकेच्या वॉर्डाचे मोजमाप देशाच्या राजधानीला लावता आले. प्रचाराची मराठी वॉर्डाच्या मराठीतून वर चढली, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे. वॉर्डाचा अनुभव आधी, विधानसभा नंतर, लोकसभा त्यानंतर, या क्रमाने घडलेल्या कार्यकर्तीविषयीच अशी घोषणा होऊ शकते.

२०२४ मध्ये प्रवास उलट दिशेने झाला. ‘बटेंगे तो कटेंगे’ आणि ‘एक हैं तो सेफ हैं’ या त्या प्रचारात सर्वाधिक गाजलेल्या घोषणा हिंदीत होत्या आणि त्या राज्याबाहेरून आल्या होत्या. हिंदीविषयी येथे तक्रार नाही; मुंबईच्या गल्लीत हिंदी परकी नाही, आणि या पृष्ठांच्या वाचकांस भाषाद्वेषाची भाषा रुचणार नाही. तक्रार अशी की, या घोषणांत कोठलीही गल्ली नाही. त्या लखनौत, रांचीत, नाशकात सारख्याच लागू पडतात. आणि जे सर्वत्र सारखेच लागू पडते त्याच्याकडून नाशिकच्या एखाद्या प्रभागाला उत्तर मिळण्याचा संभव नसतो.

मराठीत जो शब्द त्या प्रचारात खरोखर घरोघरी पोहोचला तो ‘लाडकी बहीण’. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘लाडली बहना’ योजनेचे हे मराठी रूप. जुलै २०२४ पासून पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देण्याचे ठरले; प्रचारात एका आघाडीने २,१०० आणि दुसरीने ३,००० रुपयांचे आश्वासन दिले. दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या हाती स्वतःच्या नावाने येणारे दीड हजार रुपये ही उपहास करण्याची वस्तू नाही. ज्यांना महिन्याच्या अखेरीस पैसे मोजावे लागत नाहीत अशा पंडितांनी तो केला, हे अशोभनीय होते. परंतु नात्याचे नाव देऊन शासन जेव्हा बोलते तेव्हा त्या नात्याचे व्याकरण तपासावे लागते. मराठीत बहिणीला ओवाळणी मिळते. ओवाळणीचा हिशेब बहीण मागत नाही, आणि भावाच्या घरच्या कारभारात तिचे मत विचारण्याचा रिवाजही नाही. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या. म्हणजे कायद्याप्रमाणे २९ महानगरपालिकांच्या सभागृहांत निम्म्या खुर्च्या स्त्रियांच्या होत्या. ज्या महिन्यांत राज्यभर बहिणींचा जयघोष चालला होता, त्या महिन्यांत यांपैकी एकाही खुर्चीवर स्त्री बसलेली नव्हती, कारण खुर्च्याच काढून ठेवल्या होत्या. आणि त्या निवडणुकीतून जी विधानसभा आली तिच्यात २८८ सदस्यांत पंचवीस स्त्रियाही नाहीत. बहीण म्हणून मिळालेले पैसे आणि सभासद म्हणून गमावलेली जागा यांची तुलना कोणत्याही प्रचारसभेत ठसठशीतपणे मांडली गेली नाही. विरोधी आघाडीला ती मांडणे कठीण होते, कारण मुदत संपू देण्याचे पाप तिच्याही राजवटीत झाले होते.

हे पाप कसे घडले याचा तपशील रुक्ष आहे, तरी थोडक्यात सांगावयास हवा. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाविषयी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला आणि त्यातून खरी अडचण उद्भवली. परंतु तिच्या आडोशाला प्रभागांच्या सीमा आणि संख्या यांचा खेळ चालला. मुंबईतील जागा एका सरकारने २२७ वरून २३६ केल्या, दुसऱ्याने त्या पुन्हा २२७ वर आणल्या. खटले वाढत गेले. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आहे, सभागृहाची मुदत पाच वर्षांची ठरविली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक केले. २००६ मध्ये अहमदाबादच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन निःसंदिग्ध शब्दांत पुन्हा सांगितले होते. अखेर ६ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने महाराष्ट्रातील निवडणुका चार महिन्यांत घेण्याचा आदेश दिला. ती मुदतही पुढे वाढवून द्यावी लागली आणि १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. हा आजार एकट्या महाराष्ट्राचा नाही. चेन्नईत २०१६ पासून २०२२ पर्यंत निवडलेले सभागृह नव्हते. बेंगळूरुच्या सभागृहाची मुदत २०२० मध्ये संपली आणि २०२३ ची कर्नाटक विधानसभेची निवडणूक त्याविनाच पार पडली. उलट केरळात १९९५ पासून दर पाच वर्षांनी स्थानिक निवडणुका होत आल्या. कोविडच्या २०२० मध्येही, डिसेंबरात, त्या झाल्या. १९९६ मध्ये त्या राज्याने सुरू केलेल्या लोकनियोजन मोहिमेत योजनाखर्चाचा ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचे ठरले होते. जेथे सभागृहाच्या हाती पैसा असतो तेथे सभागृह बंद ठेवणे राज्यकर्त्यांस महाग पडते, असा याचा अर्थ दिसतो.

प्रशासकाच्या बाजूनेही बोलणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे बोलणे सर्वस्वी पोकळ नाही. नगरसेवक म्हणजे टक्केवारी, नगरसेवक म्हणजे अनधिकृत बांधकामाचा पाठीराखा, नगरसेवक म्हणजे सभा तहकूब. मग तो नसला तर काय बिघडले? सुशिक्षित वस्त्यांतून हा प्रश्न वारंवार ऐकू येतो. याचे उत्तर अंदाजपत्रकात आहे. मुंबई महानगरपालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. ते आयुक्तांनी मांडले आणि प्रशासक या नात्याने आयुक्तांनीच मंजूर केले. स्थायी समितीत यावर प्रश्न विचारणारा लबाड असू शकेल. परंतु त्याने विचारलेला प्रश्न इतिवृत्तात राहतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतो. एकाच माणसाने स्वतःला विचारलेला प्रश्न कोठे नोंदला जातो? विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ची चर्चा देशभर झाली, ती सत्तेच्या आणि जातीच्या संदर्भात. त्या नाटकातील साधी प्रशासकीय बाब मात्र कोणाच्या लक्षात येत नाही: पुण्याचा कोतवाल नेमलेला असतो, आणि नागरिकांना त्याच्याविरुद्ध दाद मागावयाची झाली तर त्याला नेमणाऱ्याच्याच वाड्यावर जावे लागते. आजच्या सनदी अधिकाऱ्यांची घाशीरामाशी तुलना करणे हास्यास्पद होईल. पण वाट तीच होती. वॉर्डातून निघालेली तक्रार मंत्रालयात पोहोचल्याखेरीज तिला उत्तर नव्हते.

मराठी कादंबरीची वाटही मंत्रालयाकडेच गेली. अरुण साधू यांची ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या राजकीय कादंबऱ्यांनी एका पिढीची समज घडविली. १९७९ च्या ‘सिंहासन’ चित्रपटाने ती अधिक दूरवर नेली. त्यांत मुंबई आहे, कामगार पुढारी आहे, पत्रकार दिगू टिपणीस तर शहराच्या तळापर्यंत पाहणारा आहे. तरीही सत्तेचा खेळ मुख्यमंत्र्याच्या खुर्चीभोवती फिरतो आणि महानगरपालिका त्या खेळात जवळजवळ नाही. ग्रामीण कथेने सरपंच, सोसायटीचा चेअरमन आणि साखर कारखान्याचा अध्यक्ष यांना अजरामर केले. शहरी कथेने चाळ दिली, झोपडपट्टी दिली, गिरणी बंद पडल्यानंतरचे घर दिले. नारायण सुर्वे महानगरपालिकेच्या शाळेत प्रथम शिपाई आणि नंतर शिक्षक होते. मराठी कवितेवर या शहर-संस्थेचे एवढे थेट ऋण आहे. पण वॉर्ड ऑफिसच्या बाकावर दिवसभर बसलेली बाई, पहिल्यांदाच निवडून आलेली आणि नवऱ्याला ‘तुम्ही बाहेर थांबा’ म्हणण्याचे धैर्य गोळा करणारी नगरसेविका, स्थायी समितीच्या आदल्या रात्रीची कुजबूज, यांना मराठीत आपली मोठी कादंबरी मिळालेली नाही. लेखकांनी या विषयाला क्षुद्र मानले. प्रचारकांनी तो क्षुद्र ठरवून गिळला, तेव्हा आरडाओरडा करण्यास साहित्यात कोणी तयार नव्हते, याचे आश्चर्य वाटू नये.

‘नगरपिता’ या जुन्या शब्दाची जागा ‘नगरसेवक’ या शब्दाने घेतली, हा बदल लोकशाहीच्या दिशेने होता. पित्याला प्रश्न विचारता येत नाही, सेवकाला येतो. पण या शब्दालाही कायद्याने धक्का दिला. मुंबई वगळता राज्यातील इतर महानगरपालिकांत २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग आला, २००७ मध्ये पुन्हा एक सदस्य, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. प्रत्येक बदल त्या त्या वेळच्या सत्ताधाऱ्यांच्या गणिताप्रमाणे झाला. चार सदस्यांच्या प्रभागात ‘आमचा नगरसेवक’ हे एकवचन उच्चारता येत नाही. ‘आमचे नगरसेवक’ म्हणावे लागते. आणि अनेकवचन झाले की फुटलेल्या जलवाहिनीचे उत्तरदायित्व चौघांत वाटले जाऊन कोणाकडेच उरत नाही. मतदार चार बटणे दाबतो, बहुधा एकाच चिन्हापुढची. माणूस ओळखून मत देण्याची उरलीसुरली संधी अशा रीतीने कमी झाली आणि पालिकेची निवडणूक विधानसभेच्या निवडणुकीची लहान आवृत्ती बनली.

खालून सहभाग घडविण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. पुणे महानगरपालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून लहान कामे सुचवून घेण्याची पद्धत पाडली. वर्षातून एकदा छापील अर्ज भरून बाक, दिवा, बसथांबा, पदपथ मागावयाचा. मागणी लहान, परंतु तिचे स्वरूप वॉर्डाच्या भाषेचे: कोठे, किती लांबीचे, कशासाठी. घटनेने तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या. महाराष्ट्रात त्या झाल्या, पण त्यांच्या सीमा इतक्या विस्तीर्ण की त्यांचे नाव पुष्कळ नागरिकांनी ऐकलेले नसते. २००९ मध्ये राज्याच्या कायद्यात त्याहून खालची पायरी आली. तिचे नाव क्षेत्रसभा. गावात जशी ग्रामसभा तशी शहरात मतदान केंद्राच्या परिसरातील मतदारांची सभा, जिच्यात कोणीही मतदार उठून बोलू शकेल आणि कामांचा अग्रक्रम सांगू शकेल.

जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत या गोष्टींना जागा मिळेल असे वाटणे स्वाभाविक होते. इतक्या वर्षांनी शहरे स्वतःसाठी मत देत होती. प्रत्यक्षात प्रचार झाला तो मुंबई कोणाची, महापौर कोणाचा, कोणते दोन भाऊ एकत्र आले आणि राज्यातील कोणत्या पक्षाचे बळ किती, याचा. अनेक प्रभागांत तर मतदानाचीच वेळ आली नाही. उमेदवार बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. सभागृहे पुन्हा भरली. ‘ग्रामसभा’ हा शब्द आज गावातील शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. ‘क्षेत्रसभा’ कायद्याच्या पुस्तकात तेव्हा सतराव्या वर्षी पोहोचली होती, आणि पुण्यामुंबईच्या चाळींत, सोसायट्यांत, वस्त्यांत घरोघर जाऊन जी पत्रके वाटली गेली त्यांच्या ठळक अक्षरांत तो शब्द नव्हता.